शांतेचं उत्तर बरोबर होतं

कट्टा, बुधवार, २० नोव्हेंबर १९६३

शांतेचं उत्तर बरोबर होतं. दोन वर्षांनी कळतंय, विज्ञानाचं नवं पुस्तक उघडल्यावर. मॅग्नेशियमची संयुजा दोन, ऑक्सिजनचीही दोन. आकड्यांची अदलाबदल केली की Mg₂O₂, असंच मी शिकवत होतो. सारखे आकडे जाऊन नुसतं MgO उरतं, हे मलाच ठाऊक नव्हतं. तिने फळ्यावर MgO लिहिलं आणि मी सगळ्या वर्गासमोर हसलो. दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत आली नाही. चौकशीला तरी गेलो का मी?

आज संध्याकाळी बाजारात मासे विकणाऱ्या तिच्या आईला गाठून चूक कबूल केली. हसलो होतो, हे मात्र सांगवलं नाही.

ती म्हणाली, "आता काय उपेग, मास्तरानु? त्याच दिवशी तिना वह्यो चुलीत घातल्यान. माका म्हणाला, आये, माका डोक्याच नाय."

"शांता खंय आसा आता?"

"लगीन झाला. घोवावांगडा मुंबैक." मग तीच माझी समजूत घालू लागली, "तुमी वायट वाटून घेव नकात. चेडवाचाच चुकला असात. मास्तर चुकीचा कशाक सांगतलो?"

मी पुन्हा सांगितलं. तिला पटलंच नाही.