दोन भांड्यांमधला कॉक

तीर्थस्वरूप मामांना,

भाच्याचा साष्टांग नमस्कार (प्रयोगशाळेत आडवं व्हायला जागा नाही, मनातल्या मनात घातला आहे). प्रकृती उत्तम असावी. दोन खोल्या पलीकडून तुमचं खाकरणं खणखणीत ऐकू येतंय. तुम्ही समितीचे प्रमुख, मी हंगामी प्रयोगशाळा सहायक, आणि चारचौघांत ओळख दाखवायची नाही असं आपलं ठरलेलं, म्हणून हे पत्र शिपायाच्या हाती.

ज्या प्रयोगावर आज माझी सहा वर्षांची नोकरी कायम व्हायची की जायची ते ठरणार (आईने शेजारीपाजारी ‘कायम झाला’ सांगूनही टाकलंय, बाजारात तुरी!), त्यात काचेची दोन भांडी आहेत. डाव्यात वायू, उजव्यात पोकळी, मधे कॉक. समितीसमोर कॉक फिरवायचा, वायू दोन्हींत पसरणार, उष्णता ना आली ना गेली, तापमान होतं तेवढंच, तरी एन्ट्रॉपी, म्हणजे रेणूंचा पसारा, वाढली हे दाखवायचं. तर तो कॉक आधीच फिरला. (कसा ते विचारू नका. खोली माझ्या ताब्यात, म्हणजे चूक माझीच.) येऊन बघतो तर दोन्ही भांड्यांच्या दाबमापकांचे काटे अर्ध्यावर!

तुम्हीच शिकवलं होतंत की सगळे रेणू आपणहून डाव्या भांड्यात परतणं अशक्य नाही, फक्त दुर्मीळ. त्या आशेवर मी दहा मिनिटं भांड्यापुढे हात जोडून बसलो. दोन रेणू असते तर चारांत एकदा जमलं असतं, दहा असते तर हजारात एकदा. इथे किती आहेत ते मोजायला बसलो तर निवृत्तीचं वय उलटून जाईल. शिवाय आदर्श वायूचे रेणू एकमेकांना ना ओढतात ना ढकलतात, आपल्या वाटेने जातात. (आपल्या नात्यात असं एकही माणूस नाही.) त्यांना समजवायचं तरी कुणी?

थांबा, पावलं वाजली.

शिपाईच होता. जीव भांड्यात पडला. तर आता पंप लावलाय. उजव्यातला वायू ओढून डाव्यात कोंबतोय, पण पंप तापलाय, खोली तापलीय, मीही तापलोय. भांड्यातला पसारा आवरला की तो बाहेर वाढतो, हा उष्मागतिकीचा दुसरा नियम आज अंगाला चिकटला. मामा, मला खरंच भीती वाटतेय.

तुमचा,
भाचा

ता. क. पंपाला अजून पंचवीस मिनिटं लागतील. वायू आपणहून परतत नाही, बाहेरच्या कुणीतरी कष्ट घ्यावे लागतात. ते तुम्ही घ्या. समितीला तुमच्या मूतखड्याची हकीकत सांगा. घरी ती सुरू झाली की आम्ही एकेक करून उठतो, त्याची क्षमा असावी. आज एकही खडा गाळू नका.

ता. क. २. तुमची पिशवी सोबत पाठवली आहे. सकाळी खोली बघायला आलात तेव्हा ती ज्या खुंटीला अडकवलीत, ती खुंटी नव्हती.