हेरंबच्या गाडीची पहिली प्रदक्षिणा

चि. काशिनाथ यास तिरुवल्लिकेणीहून आक्काचे पोटभर आशीर्वाद. तुला एक थोरली बहीण आहे हे आठवत असेल असं धरून चालते. गेल्या खेपेला तू चष्मा, कानटोपी आणि एक मोजा इथेच टाकून गेलास (दुसरा मोजा पायात होता का, हे कळव). अवाडीच्या फॅक्टरीतून रिटायर होऊन सांगलीला निघालास तेव्हा 'पुढच्या महिन्यात नेतो' म्हणून जिन्याखाली स्कूटर ठेवलीस, तिचंही तसंच. आठवते का? नसेल आठवत तर उत्तम. तुझी शुगर आणि वहिनींची कंबर कशी आहे? माझे गुडघे सोडले तर मी ठणठणीत आहे. पत्र नेहमीप्रमाणे मी सांगते आणि नात लिहिते. कौमुदीला सिरुसेरीच्या कंपनीतून रविवारीच सुट्टी, त्यात तिचं मराठी इडलीसारखं फुगलेलं, तेव्हा चुका तिच्या आणि शहाणपण माझं, असं समजून वाच.

तर आमच्या हेरंबने बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि विजेवर चालणारी गाडी करायला घेतली. कारण मीच. समुद्र घरापासून हाकेवर, पण माझे गुडघे हाकेला ओ देत नाहीत, आणि एवढ्याशा अंतराला ऑटोवाले येत नाहीत. दोन वर्षं झाली समुद्र पाहून. मी एकदा नुसतं म्हटलं, "मरायच्या आत एकदा लाटा दाखव रे." (मी हे दर महिन्याला कशावरून तरी म्हणते, पण या वेळी पोराने मनावर घेतलं.) गाडी तीन चाकांची. मागच्या दोन चाकांना दोन मोटारी, पुढचं चाक सायकलचं, मधे माझ्यासाठी वेताची खुर्ची.

मोटारी आल्या, पण त्यांना धरून कोण ठेवणार? त्याने पातळ पत्र्याच्या बैठका केल्या. बटण दाबलं, आणि चाक राहिलं जागच्या जागी, मोटारच अंग पिळून आडवी झाली. हट्टी मूल कडेवरून उतरायला बघतं ना, तशी. मग जाड लोखंड हवं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी सुनबाई अलकनंदा डोसे घालायला गेली तर तवा नाही. माझ्या सासूबाईंचा, बोटभर जाडीचा लोखंडी तवा! तो मधोमध कापून दोन्ही मोटारींखाली बसला होता. हेरंब म्हणाला, "आई, असं लोखंड हल्ली मिळत नाही." सुनबाई म्हणाली, "असा नवराही मिळत नाही," आणि जाहीर केलं की आयुधपूजेच्या (आपली खंडेनवमी) संध्याकाळपर्यंत गाडी चालली नाही तर भंगारवाल्या सुंदरला बोलावणार. तिचं चुकलं असं म्हणवत नाही, कारण त्या दिवसापासून आम्ही उपमा खातोय.

इकडे चाकांचे तुंबे, म्हणजे मधले भोकाचे गाभे, मोटारीच्या दांड्यावर बसेनात. त्याने नवीन कातून आणले, गोल, गुळगुळीत, पाहत राहावे असे. गुळगुळीत म्हणूनच घसरले. आत दांडा गरगरतोय आणि चाक संन्याशासारखं शांत. मग दोघांत खाच पाडून लोखंडी पाचर ठोकली, तेव्हा कुठे दोघांचा संसार लागला.

आयुधपूजेच्या दिवशी सगळे पाने, हातोड्या, ड्रिल चंदनकुंकू लावून सरस्वतीपुढे मांडले. गाडीला हार घातला, चाकांखाली इथल्या रीतीप्रमाणे लिंबं ठेवली. गल्ली जमली. हेरंबने बटण दाबलं. लिंबं चिरडली आणि गाडी पुढे जायच्या ऐवजी जागच्या जागी गोल फिरायला लागली! एक चाक पुढे, एक मागे. कोपऱ्यावरच्या पिळ्ळैयारच्या, म्हणजे आपल्या गणपतीच्या, देवळासमोर माझ्या मुलाने स्वतःभोवती तीन प्रदक्षिणा घातल्या. देवळातले पुजारी गुरुक्कल हात जोडून उभे राहिले. त्यांना वाटलं, हेच ठरलं होतं.

चूक साधी होती. मोटारी समोरासमोर तोंड करून बसवल्या, मग एकीच्या वायरी उलट्या जोडायला नकोत? हेरंब पाना घ्यायला धावला. अलकनंदा आडवी आली. "आज हत्यार उचलायचं नाही. वर्षातून एक दिवस त्यांना विश्रांती असते, तेवढी तरी मोडू नका." पोराचं तोंड असं झालं, काशिनाथ, की मला समुद्र नको, तवा परत हवा असं वाटलं. तेवढ्यात सुंदर हातगाडी घेऊन हजर. सुनबाईने गाडीकडे बोट केलं. तो म्हणाला, "अम्मा, आज कसं नेणार? माझ्या तराजूचीही पूजा झालीय." तराजूला झेंडूचा हार! सुनबाईच आधी हसली, आणि ती हसली की तिचा निकाल फिरतो.

विजयादशमीला सकाळी वायरी बदलल्या आणि मी समुद्रावर गेले. सुनबाई शेजारून चालत होती, म्हणजे गाडीचा वेग तुझ्या लक्षात येईल. लाटा होत्या तशाच आहेत. वाळूत विकतात ते हरभऱ्याचं सुंडल खाल्लं, पाय भिजवले, आणि हेरंबला म्हटलं, मरायचं जरा पुढे ढकलते.

तुझी,
आक्का

ता. क. येताना फुटपाथची कड लागून सायकलचं चाक पापडासारखं वाकलं. हेरंब मला ढकलत घरी घेऊन आला.

ता. क. दुसरा. मागची दोन चाकं कुठली, हे तू विचारलं नाहीस. जिन्याखाली आता बरीच जागा झाली आहे. पण तू स्कूटर विसरलास आणि तिची स्टेपनी मात्र आठवणीने सांगलीला घेऊन गेलास, ती माळ्यावर असेल. पुढच्या चाकाला तीच हवी. ताबडतोब पाठव. रिकामी पाठवू नकोस. मधल्या खळग्यात भडंगाची पिशवी बसते, आम्ही इथे चाकात तांदूळ भरून पाहिलंय. लसूण जास्त घाल, आणि पिशवी दुहेरी बांध. मागे पाठवलेल्या भडंगाला तुझ्या मोज्याचा वास होता.