एक किलो आठशे ग्रॅम

प्रिय बाबा,

मोठ्या काकांच्या शेजारच्या मेइ-चू वहिनी बाजार आटोपून दुपारच्या बसने बुदाईला परततील, त्यांच्या हाती हे पत्र देतोय. फोन केला की मोठे काका उचलतात आणि तुमचा एकच निरोप सांगतात, "खोटारड्या म्हाताऱ्याशी त्याला काय बोलायचंय?" काल त्यांच्या दारापर्यंत येऊन गेलो, तर आतून कडी. म्हणून लिहितोय. शाळा नववीतच सुटली, त्यामुळे मला वेळ लागतो. हा तिसरा कागद आहे.

काल सकाळी आधी डायलिसिसच्या खोलीत गेलो होतो. वाटलं, काका तुम्हाला थेट तिकडेच आणतील. तुमची खाट रिकामी होती. शेजारच्या खाटेवरून काउ काका ओरडले, "काय रे, म्हातारा पळाला? त्याला सांग, वाळत घातलेल्या माशाने दोरीवरून उडी मारायची नसते!" सगळे हसले. पण मी निघताना त्यांनी हात धरून हळूच विचारलं, "दम लागतोय का त्याला?"

बाबा, तुम्हाला दम लागतोय का? आडवं पडल्यावर खोकला येतो का? घोट्याजवळ अंगठा दाबून बघा, खळगा राहतो का. सव्वीस वर्षं तुम्ही माशांच्या तळ्यांची पाणी सोडायची दारं सांभाळलीत, तळ्याचं पाणी जिभेला लावून खारेपणा सांगायचात. श्वे सिस्टरनी मला तसंच समजावलं. म्हणाल्या, मूत्रपिंडं दिवसाला दीडशे लिटरहून जास्त पाणी गाळतात आणि बहुतेक सगळं परत रक्तात सोडतात. रक्तात मीठ वाढलं की मेंदू कळवतो, पाणी धरून ठेवा; पाणी फार झालं की कळवतो, जाऊ द्या. तुमच्या शरीरात निरोप अजून निघतात, म्हणून तहान लागते, पण दारावर माणूसच उरलेला नाही. त्याचं काम यंत्र आठवड्यातून तीनदा, चार-चार तासांत उरकतं. नव्या मूत्रपिंडाच्या यादीत तुमचं नाव आहे, पण यादी लांब आहे. तोवर यंत्राशिवाय इलाज नाही. गुरुवार चुकला, शनिवार चुकता कामा नये. आणि काकूंच्या अंगणातल्या कमरखाच्या फळांना हातही लावू नका. मूत्रपिंडं बंद पडलेल्या माणसाला ते फळ विषासारखं, हे काकूंना ठाऊक नसेल.

आता मंगळवारचं लिहितो. हेच लिहायला दोन कागद फुकट गेले.

तुम्ही चाकाच्या खुर्चीत बसून काट्यावर गेलात. श्वे सिस्टरनी आकडा वाचला, खुर्चीच्या पाठीला चिकटवलेल्या चिठ्ठीवरचं तिचं वजन वजा केलं आणि भुवया उंचावल्या. "आजोबा, चार किलो वर! चोरून काय प्यालात? सूप? चहा?" तुम्ही म्हणालात, "एक थेंबही जास्त नाही. तीन दिवस बर्फाचे खडे चोखतोय." सिस्टरनी माझ्याकडे बघितलं. मी तुमच्या पेजेतलंही पाणी मोजणारा माणूस. माझ्या वहीत हिशेब बरोबर होता. तरी मी वहीवर विश्वास ठेवला नाही, तुमच्यावर ठेवला नाही, काट्यावर ठेवला. सगळ्यांसमोर बोललो, "बाबा, खोटं बोलू नका. काटा खोटं बोलत नाही." तुम्ही मान फिरवलीत ती फिरवलीतच.

यंत्राने चार किलो पाणी काढलं. तिसऱ्या तासाला तुमच्या पोटऱ्यांत गोळे आले, चेहरा पांढरा पडला, रक्तदाब खाली गेला. सिस्टरनी पाय वर उचलले, मिठाचं पाणी चढवलं. शुद्धीवर आल्यावर तुम्ही मला नव्हे, काउ काकांना विचारलंत, "आता तरी पटलं का त्याला?" बुधवारी काका तुम्हाला घेऊन गेले.

जाताना तुम्ही खुर्चीवरची नवी गादी काढून पलंगावर टाकलीत. माकडहाड दुखतं म्हणून सोमवारी मीच आणलेली, आत जाड जेल भरलेली. काल बुदाईहून परतल्यावर ती कपाटावर ठेवायला उचलली आणि हाताला जड लागली. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली. एक किलो आठशे ग्रॅम. चिठ्ठीवर वजन जुन्या, नुसत्या खुर्चीचं होतं. सिस्टरनी विचारलंही होतं, "खुर्चीत काही बदल?" आणि मी वहीत आकडा लिहिता लिहिता "नाही" म्हणालो होतो. जे जास्तीचं पाणी तुमच्या अंगात नव्हतंच, ते यंत्राने ओढून काढलं. तुम्ही खरंच थेंबभर जास्त प्यायला नव्हतात. खोटं मी बोललो होतो.

आज सकाळी श्वे सिस्टरना सांगितलं. त्यांनी माझी चांगलीच खरडपट्टी काढली, मग खुर्चीवरची चिठ्ठी फाडायला सांगून म्हणाल्या, "आजोबांना आण. रागावलेलेच आण, पण आण." उद्या, शनिवारी सकाळी साडेसहाला मी काकांच्या दारात गाडी घेऊन उभा असेन. वाटेत माझ्याशी एक शब्दही बोलू नका, मागच्या सीटवर बसा, चालेल. ज्या खोलीत मी तुम्हाला खोटं ठरवलं, तिथेच, सगळ्या खाटा भरलेल्या असताना, तुमची माफी मागायची आहे. फक्त त्यासाठी तुम्ही तिथे असायला हवं.

तुमचाच,
खुन-यी