बॉयलरच्या फोल्डरमध्ये

हॅनकॉक, मिशिगन
गुरुवार, १४ मार्च

प्रिय हेल्मी,

बरी आहेस ना? डलूथला बर्फ वितळायला लागला असेल. इथे अजून पायऱ्या वर आलेल्या नाहीत. सॉनाच्या, वाफेच्या न्हाणीघराचं धुराडं दुरुस्त करून घेतलं. मिसेस लाहती गेल्या. ब्याण्णव वर्षांच्या होत्या, आणि शेवटच्या रविवारपर्यंत चर्चच्या कॉफीला नावं ठेवत होत्या.

चार वर्षांनी पत्र लिहिते आहे आणि त्यात मिसेस लाहती, असं म्हणत असशील. मुद्द्यावर यायला मला वेळ लागतो, तुला ठाऊक आहे.

मला आता दिसत नाही. काचबिंदू. डाव्या डोळ्याला उजेड कळतो, उजव्याला तोही नाही. तुझ्या कानावर आलंच असेल, पण मी सांगितलेलं नव्हतं. हे पत्र माझं मीच टाइप केलंय. कॉम्प्युटरमध्ये एक आवाज आहे, तो पडद्यावरचं सगळं वाचून दाखवतो. आपली फिनिश नावं तर अशी वाचतो की बाबांनी काठी उगारली असती.

शिकवायला डेल्फीन आहे. डेल्फीन वेलेट, कॅल्युमेटची. जन्मापासून आंधळी, सिगरेटचा वास आणि भसाडा आवाज. दर मंगळवारी आम्ही ग्रंथालयात बसतो. पहिल्या दिवशी तिने माऊस उचलून खणात टाकला.

“हा आता तुझ्या कामाचा नाही. बाण असलेली बटणं शोध. खाली दाब. काय म्हणतोय?”

“फोटो. फोल्डर. सत्तावीसपैकी चार.”

“म्हणजे तुझ्याकडे किती आहेत?”

“सत्तावीस.”

“आणि तू चौथ्यावर आहेस. मग रडतेस कशाला?”

मी खरंच रडत होते गं. इतकी वर्षं शाळेच्या कार्यालयात काम केलं, आणि आता एक फोल्डर उघडायला अर्धा तास. एंटर दाबलं की आत जायचं, बॅकस्पेस दाबलं की मागे यायचं. मी आत जायचे आणि कुठे आहे तेच विसरायचे. डेल्फीन म्हणाली, “दिसणारी माणसं सगळं एका नजरेत गोळा करतात. तुला आता एकामागून एक ऐकायचं आहे. सवय होईल. नाही झाली तर माझ्याशी गाठ आहे.”

सवय झाली. मग फेब्रुवारीत तिने घरचा अभ्यास दिला: घरच्या कॉम्प्युटरमधलं एकूण एक फोल्डर उघडायचं आणि आत काय आहे ते तिला फोनवर सांगायचं. एकही वगळायचं नाही.

सकाळी न्याहारी करून बसले. नऊ नंबरला ‘बॉयलर’. त्यात काय असणार? बॉयलरची माहितीपत्रकं. ते वगळणारच होते, पण डेल्फीनला खोटं बोललेलं लगेच कळतं. एंटर दाबलं. आवाज म्हणाला, “बाबांचा आवाज. फोल्डर. चारपैकी एक.”

हेल्मी, बाबांच्या रेकॉर्डिंग बाराच्या बारा आहेत. एकही पुसलेली नाही.

मग पहिली लावली. बाबा कुणाला तरी विचारतायत, “हे चालू आहे का?” आणि मागून माझा आवाज, “चालू आहे, बोला.” मग चुलीत लाकूड टाकल्याचा आवाज, आणि मग ते बर्फात अडकलेल्या होडीची गोष्ट सांगायला लागतात. तीच, जी आपण दोघी कंटाळून ऐकायचो.

आता पुढचं. फोल्डर सापडल्यावर मी ‘बॉयलर’ची तारीख ऐकली. शेवटचा बदल, बाबा जायच्या आधीच्या अकरा ऑक्टोबरचा. तू आलीस ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात. माझे दुबार झालेले फोटो काढून कॉम्प्युटर हलका करून देते म्हणालीस, ते तेव्हा. म्हणजे तू यायच्या आधीच ते फोल्डर तिथे गेलं होतं. तू त्याला हातसुद्धा लावला नव्हतास.

इथवर मी डेल्फीनलाही सांगितलं. ती म्हणाली, “होतं असं. माऊसने ओढताना बोट सुटतं, आणि एक फोल्डर शेजारच्याच्या पोटात जाऊन पडतं. दिसणाऱ्यांचंही होतं.” मी हो म्हटलं. विषय तिथे संपला असता.

पण हेल्मी, मला त्या ऑक्टोबरमध्येच कळलं होतं. फोल्डर कुठे गेलं ते नव्हतं कळलं, पण माझ्या हातून काहीतरी सुटलं ते कळलं होतं. त्या दिवशी पडद्याचा उजवा भाग मला धुरकट दिसत होता. माऊस ओढला, काहीतरी घसरलं, रांगेतलं एक चित्र कमी झाल्यासारखं वाटलं. कोणतं ते दिसलं नाही. मी कॉम्प्युटर बंद केला आणि कपडे वाळत घालायला गेले.

तेव्हाच सांगितलं असतं तर तू विचारलं असतंस, दिसलं कसं नाही? मग डॉक्टर आला असता, आणि तू माझ्याकडून गाडीची किल्ली काढून घेतली असतीस. काढून घ्यायलाच हवी होती. पण बाबांना दर सोमवारी इस्पितळात मी नेत होते. ते काम माझं होतं. तू लांब होतीस आणि मी जवळ होते, एवढंच माझ्यापाशी तुझ्याहून जास्त होतं. ते मला सोडवेना.

म्हणून बाबांच्या अंत्यविधीनंतर, चर्चच्या तळघरात, सगळ्यांच्या हातात कॉफीचे कप असताना, तू बाबांची रेकॉर्डिंग मागितलीस तेव्हा मी म्हणाले, “तूच पुसलंस. बाबांचा आवाज पुसून टाकलास.” तू म्हणालीस, “आयली, मला एकदा शोधू तर दे.” मी म्हणाले, माझ्या वस्तूंना पुन्हा हात लावू नकोस. तू शोधलं असतंस तर दहा मिनिटांत सापडलं असतं. त्याचीच भीती होती की काय, कोण जाणे.

गेल्या रविवारी त्याच तळघरात सगळ्यांसमोर उभी राहिले. म्हटलं, चार वर्षांपूर्वी इथे मी हेल्मीबद्दल जे बोलले ते खोटं होतं. फोल्डर माझ्याच हातून हरवलं. मला तेव्हाही नीट दिसत नव्हतं आणि मी ते लपवलं. मग कोपऱ्यातून रूडी मॅटिला म्हणाला, “दिसत नव्हतं ते ठाऊक आहे. माझी रस्त्याकडेची टपालपेटी गाडीने तूच उडवलीस. आणि गावभर सांगितलंस, हरीण आडवं आलं.” सगळे हसले. मीही हसले. एल्सी निएमीने माझा दंड धरला आणि हळूच विचारलं, “हेल्मीला कळवलंस?” घरी आले आणि हे पत्र सुरू केलं. आज पाचवा दिवस.

एक गोष्ट राहिली. बारावी रेकॉर्डिंग माझ्यासमोर झालेली नाही. मी दुकानात गेले असताना बाबांनी स्वतःच रेकॉर्डिंगचं यंत्र लावलेलं दिसतंय. मी तेव्हा न ऐकताच सगळं कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं होतं. ती सुरू होते ती अशी: “हेल्मी, आयली बाहेर गेली आहे. म्हणून आता बोलतो.” तिथे मी बटण दाबून थांबवली. एकोणीस मिनिटांची आहे. त्या दिवशी तळघरात तू एवढ्या हट्टाने का मागत होतीस, ते आता कळलं. तुझ्यासाठी काही बोलून ठेवलंय, असं त्यांनी तुला सांगितलं असणार.

पुढचं ऐकावंसं खूप वाटलं. बोट बटणावर होतं. नाही ऐकलं. चार वर्षं मी तुझ्या वाटणीचं अडवून ठेवलं, आता त्यातलं आणखी घ्यायचं नाही.

सोबत पेन ड्राइव्ह आहे. माझी मी भरली आणि पुन्हा उघडून ऐकून खात्री केली. त्यात दोन फोल्डर आहेत. एकात अकरा, त्या आपल्या दोघींच्या. दुसऱ्याला मी तुझं नाव दिलं आहे.

बाबांनी त्यात काय म्हटलंय ते मला सांगायला हवंच असं नाही. माफ कर असंही लिहीत नाही, कारण ते लिहिलं की तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल. दार मात्र मी आतून लावलेलं नाही.

जिने तुला वडिलांचं बोलणं ऐकू दिलं नाही, ती तुझी बहीण,
आयली