बिभीषणची लाल ओळ

१८ जानेवारी, रविवार

जमलं! सहा दिवस त्या एक्सेलनं डोकं खाल्लं, आज आलं वठणीवर. विहिरीतलं पाणी आठ फुटांच्या खाली गेलं की तिची अख्खी ओळ लाल व्हावी — माझी मागणी एवढीच. पण रंगायचा नुसता एक चौकोन. सूनबाई रेश्मा म्हणाली, "आबा, सूत्रातल्या अक्षराच्या आधी डॉलरचं चिन्ह टाका." टाकला. नाव, गट नंबर, पाणी — सगळं एका झटक्यात लाल! बत्तीस वर्षं मास्तरकी केली, पण एवढा आनंद क्वचितच झाला असेल. रेश्मा हसत होती. हसू दे.

१९ जानेवारी

गावाचा ठरावच आहे — आठ फुटांहून कमी पाणी असेल त्यानं उन्हाळी कांदा लावायचा नाही. दरवर्षी यावरून हमरीतुमरी. "माझंच नाव का?" यंदा यादीचं काम सरपंचांनी माझ्याकडे दिलंय; काय ते शीट सांगेल. ग्रामपंचायतीचा शिपाई बजरंग दोर टाकून एकेक विहीर मोजतोय. माझ्या गुडघ्यांना आता विहिरीचा काठ सोसत नाही.

२३ जानेवारी, शुक्रवार

बजरंगची वही आली. एक्केचाळीस विहिरींचे आकडे रेश्मानं भरले. मग मी मथळ्यापासून खालपर्यंत सगळं निवडून रंगाचा रूल लावला. लाल ओळ एकच — बिभीषण!

माझा सख्खा धाकटा भाऊ. यादी गट नंबराप्रमाणे, म्हणून त्याचं नाव बरोबर माझ्या वर. सामाईक विहिरीवरच्या मोटारीच्या पाळीवरून बिनसलं, त्याला नऊ वर्षं झाली. त्यानं स्वतःची विहीर खोदली, बोलणं बंद झालं. खोटं कशाला लिहू — बरं वाटलं. आकडे काही वाचत बसलो नाही. रंग आल्यावर आकडे कशाला!

२६ जानेवारी

झेंडावंदन झालं, मग ग्रामसभा. मी नाव वाचलं. बिभीषण उठला. म्हटलं, आता भांडणार! कंबर कसूनच बसलो होतो. माझ्याकडे पाहिलं, "बरं" म्हणाला अन् खाली बसला. बस्स, एवढंच! संध्याकाळी कळलं — तयार झालेलं सगळं रोप त्यानं राहुरीच्या सोयऱ्यांना देऊन टाकलं.

सरपंच म्हणाले, "मास्तर, पैल्यांदाच वाद न्हाई झाला!" लई भारी वाटलं.

२८ जानेवारी

आमच्या एकराची कांदा लागवड उरकली. जेवण गोड लागलं.

९ फेब्रुवारी, सोमवार

आज रेश्मा नवे आकडे भरायला बसली आणि एकदम थांबली. "आबा, बिभीषणकाकांचं पाणी चौदा फूट आहे. मग ओळ लाल कशी?"

चौदा! त्याच्या खाली माझी ओळ. पाच फूट. पांढरीशुभ्र!

तिनं उलगडून दाखवलं. मी निवडताना मथळा धरला, पण सूत्र लिहिलं दुसऱ्या ओळीपासून. म्हणून सगळा रंग एक ओळ वर सरकला. कमी पाण्याची विहीर माझी, रंगला बिभीषण. तिनं रूल सुधारला — लगेच माझं नाव लाल.

"कुणाला सांगू नको," म्हणालो. ती उठून आत गेली. मग माझीच मला लाज वाटली. दुसऱ्याची पाटी पाहून लिहिणाऱ्या पोरांना काय काय बोलायचो मी!

१० फेब्रुवारी

रोपाची वेळ गेली. त्याचं रान यंदा रिकामं, आणि ते माझ्यामुळे. शुक्रवारी सभेत उभं राहून सांगणार, हे नक्की. पण आधी त्याच्याकडे जायला हवं. नऊ वर्षं त्याचा उंबरा चढलो नाही. चहा दोनदा गार झाला.

११ फेब्रुवारी, बुधवार

गेलो. सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला, मग म्हणाला, "दादा, मला त्याच दिवशी ठाव हुतं. माजी हीर मी रोज बघतो की, अन् येताजाता तुमचीबी. पर भर सभेत तुमाला खोटं पाडू व्हय?" मग गोठ्यामागे घेऊन गेला. तिथे पाइपाची नवी कोरी भेंडोळी. "तुमच्या हिरीचं पानी कांद्याला पुरायचं न्हाई. माज्या हिरीचं द्यायला ह्यो पाइप तवाच आनून ठिवलाय. नुसतं तुमी कवा येताय, त्येची वाट बघत हुतो."