मला ओळखणारी डबी

१ सप्टेंबर १९९८, मंगळवार

बँक नव्या इमारतीत आली. अख्ख्या सांगलीत असली दुसरी नाही म्हणतात. चहूबाजूंनी काचा, पण खिडकी एक उघडत नाही. मीटिंग हॉलच्या भिंतीवर एक पांढरी डबी बसवली आहे, साबणाच्या वडीपेक्षा जरा मोठी. तिच्यावर आकडा दिसतो. डबी सांगेल तेवढाच गारवा खोलीत पडतो. पुण्याचा कुणाल नावाचा इंजिनेर आला होता, त्यानं स्टाफला उभं करून सगळं समजावलं. मी तेव्हा पंचवीस जणांचा चहा करत होते. ट्रे घेऊन आले तर साहेब म्हणत होते, मग ठरलं, डबीची जबाबदारी बनुबाईंची.

सोळा वर्षं झाली मला या बँकेत शिपाई म्हणून. बनुबाईला सहा. माझं नाव आणि चहा हे दोन शब्द साहेबांनी कधी वेगवेगळे उच्चारले नाहीत. आणि तिला जबाबदारी.

ही गेल्या सालची बँकेची डायरी कोरीच पडली होती. साक्षरतेच्या वर्गात लिहायला शिकले ते वाया जाऊ नये म्हणून आजपासून बनुबाईचं सगळं तारखेनिशी टिपणार. जळते म्हणून नाही. नोंद असावी.

२ सप्टेंबर, सकाळी १०

बनुबाई पिवळं फडकं घेऊन डबीकडे गेली. आमच्याकडे पाठ केली. फडक्याच्या आडून बटणं दाबत होती, कुणाला दिसू नये म्हणून. मी विचारलं, काय दाबतीस गं. म्हणाली, काय न्हाई आक्का, पुसतीया.

वडीएवढी डबी आणि म्हैस धुतल्यासारखा वेळ. सातवी पास आहे असं सांगते. दाखला कुणी बघितलाय.

ठराव : आठ दिवसांत डबी शिकायची. तिला न विचारता.

४ सप्टेंबर

साहेबांनी दोघींना केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, म्हसवडच्या शाखेतला शिपाई रिटायर झाला. नव्या इमारतीत दोन बायांचं काम नाही. दिवाळीनंतर एकीला म्हसवडला जावं लागेल, एक इथं राहील, चहा आणि हॉल दोन्ही बघेल.

हॉल बघेल म्हणजे काय ते मला लगेच कळलं. डबी जिच्या हातात, ती सांगलीत.

बनुबाई मान खाली घालून उभी. आतल्या गाठीची माणसं अशीच उभी राहतात.

घरी येऊन सांगितलं. सूनबाईनं, स्वप्नानं, भाकरी थापता थापता विचारलं, आत्या, तुमी म्हसवडला गेला तर कॉट संगट न्हेणार का हितंच ठेवणार. नातू रोहन म्हणाला, कॉट मला. चार वर्षांचा आहे आणि वाटणी कळते. चोपन्नाव्या वर्षी मी माणदेशात भाड्याची खोली शोधत फिरणार आणि हे माझ्या कॉटवर लोळणार. ते काही होत नाही.

८ सप्टेंबर

पॅन्ट्री कॉरिडॉरच्या पार दुसऱ्या टोकाला. तिथून डबी दिसत नाही आणि बनुबाईही दिसत नाही. हॉलमध्ये बरोबर डबीच्या खाली प्लग आहे. स्टूल ठेवलं, त्यावर इलेक्ट्रिक शेगडी, शेगडीवर मोठी किटली. आता तिला डबीला हात लावायचा तर माझ्या नाकासमोरून लावावा लागेल.

साहेबांना सांगितलं, चहा जागेवर गरम मिळेल. ते म्हणाले, बरं. फोनवर होते.

९ सप्टेंबर, दुपारी

मोठा शोध लागला. घाईनं लिहिते.

शेगडी लावून मी डबीखाली बसले होते. डबीवर पंचवीस होतं. बघता बघता अठ्ठावीस झालं, मग एकतीस. वर छतात मशीन घूं करून सुरू झालं. मी बटणाला बोट लावलेलं नाही. शेगडी बंद करून कप वाटायला गेले, तर थोड्या वेळानं मशीन गप. परत येऊन आधण ठेवलं, परत घूं.

चार वेळा करून बघितलं. डबी मला ओळखते. मी जवळ बसले की कामाला लागते, उठले की बसते. बनुबाई आठ दिवस पुसतेय, एकदा तरी घूं झालं का.

१४ सप्टेंबर

कर्ज कमिटीची मीटिंग. चेअरमन आबा आणि सात संचालक. मी डबीखाली, किटली उकळत. अर्ध्या तासात आबांनी टोपी कानावर ओढली. म्हणाले, ए बनुबाई, जरा कमी कर की, आमास्नी काय बर्फात घालून ठिवतीस व्हय. ती म्हणाली, आबा, म्या हातच लावला न्हाई. कुणाचा विश्वास बसला नाही. माझा तर मुळीच नाही.

एरवी एका मीटिंगला चहा एकदा होतो. आज तीनदा झाला. तिसरा कप घेताना आबा म्हणाले, आक्काताई, तुझ्या चहानं जीव वाचला बघ. वेळ ११.४०. साक्षीदार सात.

बनुबाई गार करून ठेवते, मी ऊब देते. कोण पाहिजे ते साहेबांनी ठरवावं.

१६ सप्टेंबर

डबीवरची इंग्रजी अक्षरं कागदावर जशीच्या तशी काढून घरी नेली. स्वप्ना बारावी नापास आहे, पण इंग्रजी वाचते. म्हणाली, ऑटो लिवलंय. म्हंजे आपलं आपण चालतंय, कुणी काय करायला नगं. मी म्हटलं, जगात काही आपलं आपण चालत नाही. तुझं घर आपलं आपण चालतंय का. मी आहे म्हणून चालतंय.

त्यावर ती हसली. बारावीला का नापास झाली ते कळलं.

१८ सप्टेंबर

बनुबाईनं सर्दी झाली म्हणून माझ्याकडे आल्याचा चहा मागितला. दिला. आलं घातलं नाही.

२१ सप्टेंबर, घटस्थापना

चांगला दिवस म्हणून साहेबांना सरळच सांगितलं, डबी माझं ऐकते, तिचं ऐकत नाही. ते दसऱ्याच्या उद्घाटनाच्या पत्रिका मोजत होते. म्हणाले, हो का, बरं मग उद्घाटनाच्या दिवशी हॉल तुम्ही सांभाळा, बनुबाईंना मी पाहुण्यांच्या स्वागताला उभं करतो, गुलाब द्यायला.

जिंकले.

संध्याकाळी ६. गुलाब देणार म्हणजे ती प्रत्येक फोटोत येणार. फोटोग्राफर मिरजेचा आहे, चांगला काढतो. आणि मी स्टुलाशेजारी. हे साहेबांनी मुद्दाम केलं का तिनं करून घेतलं. तिला आबोली रंगाचं नवं पातळ आहे, मला माहीत आहे. मी जिंकले त्यावर तिनं पाणी ओतलंच.

३० सप्टेंबर, खंडेनवमी

हत्यारांची पूजा. टाइपरायटर, नोटा मोजायचं मशीन, कॉम्प्युटर, जीप, सगळ्यांना हळदकुंकू. बनुबाईनं डबीला कुंकवाचं एक बोट लावलं, वर झेंडूचं एक फूल चिकटवलं आणि हात जोडले. एवढ्यात भागवलं. ज्या मशीनच्या जिवावर सांगलीत राहायचं, त्याला एक फूल.

मी मार्केटातून झेंडूचा दुपदरी हार आणला. डबीला दोन वेढे देऊन घट्ट बसवला, आकड्यापुरती तेवढी फट ठेवली. समई घासून ठेवली आहे, उद्या सकाळी स्टुलावर शेगडीच्या बाजूला लावणार. कोणाची पूजा मोठी, ते उद्या चारचौघांना दिसेल.

१ ऑक्टोबर, दसरा

सकाळी ९. समई लावली. साठ कपांचं आधण ठेवलं. डबीवर तेहतीस. वर मशीनचा आवाज असा, जसं कुणी माझ्यासाठी वाजवतंय. बनुबाई आबोली पातळात दाराशी उभी. मी बघितलं नाही.

११.३०. पाहुणे बसले. डबीवर अडतीस.

रात्री नाही, संध्याकाळीच लिहिते, नाहीतर झोप यायची नाही.

झालं ते असं. सत्काराला सहा शाली आणल्या होत्या. एरवी पाहुणे शाल खांद्यावर पडली की लगेच घडी करून मांडीवर ठेवतात. आज एकानं काढली नाही. गुंडाळूनच बसले. ज्यांचा सत्कार शेवटी होता, ते मिरजेचे डॉक्टर मधेच उठून साहेबांना म्हणाले, माझा जरा अलीकडं घेता का. सहा शाली संपल्या. मग आबांनी टेबलावरचा हिरवा कपडा ओढून घेतला, तांब्या कलंडला. सूत्रसंचालन करणाऱ्या मास्तरांचे दात वाजत होते, ते माइकमधून सगळ्यांना ऐकू आले.

साहेबांनी माझ्याकडे हात केला, काहीतरी करा. मी हार जरा बाजूला करून खालच्या बाणाचं बटण दाबलं. खालचं म्हणजे गारवा कमी करायचा, हे कुणीही सांगेल. सात-आठ वेळा दाबलं. मग जी थंडी सुटली ती विचारू नका. पाहुणे जेवायला न थांबता बाहेर पार्किंगमध्ये जाऊन उन्हात उभे राहिले. ऑक्टोबरचं सांगलीचं ऊन, आणि सत्काराचे सहाही जण शाली पांघरून त्यात ओळीनं उभे. मिरजेच्या फोटोग्राफरनं तो पण फोटो काढला.

मग उद्घाटनाला पुण्याहून आलेला तो कुणाल पुढं आला. डबीकडे बघितलं नाही, आधी स्टुलाकडेच बघितलं. समई विझवली, शेगडी उचलून पलीकडे ठेवली, हार काढला. दहा मिनिटांत सगळं जागेवर. साहेबांना म्हणाला, डबीला फक्त तिच्याजवळची हवा कळते, ती गरम झाली की तिला वाटतं अख्खा हॉल तापलाय. या मावशी महिनाभर तिच्या नाकाखाली चूल पेटवून बसल्यात.

सगळ्यांसमोर म्हणाला. बनुबाई गुलाबाची रिकामी परात घेऊन ऐकत होती. हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं, टिपून ठेवता आलं असतं.

पुण्याच्या माणसाला खंडेनवमी काय कळणार.

२ ऑक्टोबर

सुट्टी. कॉटवर पडून होते. रोहन दोनदा येऊन बघून गेला, उठते का ते.

विचार केला. म्हसवडची शाखा लहान, तिथं अनुभवी बाई पाहिजेच. साहेबांनी सांगायच्या आधी आपणच म्हणायचं, मीच जाते. स्वप्नाला सांगितलं. ती म्हणाली, जावा की, हवापालट हुईल.  

३ ऑक्टोबर, शनिवार

साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि म्हटलं, म्हसवडला मीच जाते. साहेब म्हणाले, तुम्ही कशाला, बनुबाईंची ऑर्डर निघाली की. त्यांनी जूनमध्येच अर्ज दिलाय. वडील थकलेत, घरी दुसरं कुणी नाही, म्हसवड द्या म्हणून तीनदा भेटून गेल्या.

जूनमध्ये. डबी भिंतीवर बसायच्या आधी.

म्हणजे मी जिच्याशी शर्यत पळत होते ती पळतच नव्हती.

बाहेर येऊन बनुबाईला गाठलं. म्हटलं, मग ती बटणं रोज कशाला दाबत होतीस. म्हणाली, आक्का, म्या कवा दाबली. पहिल्याच दिशी तो इंजिनेर म्हणला, डबी आपली आपण चालती, बोट लावायचं न्हाई, धूळ तेवढी पुसा. तेवढीच जबाबदारी हुती. मी म्हटलं, मग एवढा वेळ काय पुसायचीस. ती म्हणाली, तितं उभं ऱ्हायलं की वरनं लय ग्वाड वारं लागतंय. आमच्या म्हसवडात कुठलं मिळायला.

वाऱ्यावर जळत होते मी. तो तर सगळ्यांनाच लागत होता.

३१ ऑक्टोबर

बनुबाई गेली. दुपारच्या एसटीनं. साहेबांनी नारळ दिला, आबांनी पाकीट. मला म्हणाली, आक्का, तुमच्या चहाची सवय लागलीया. मी म्हटलं, म्हसवडातही चहा मिळतो. त्यावर हसली आणि वाकून पाया पडली. मी पाय मागे घेतले.

तिच्या निरोपाचा चहा मीच केला होता. आलं घातलं होतं.

२ नोव्हेंबर, सोमवार

आता हॉल माझा. सांगली पक्की, कॉट पक्की. डबीवर प्लास्टिकचं झाकण बसवलं आहे, त्याला कुलूप, किल्ली पुण्याला. शेगडी पॅन्ट्रीत गेली. कामाला काही उरलं नाही.

तीन वाजता हॉलमध्ये एका खुर्चीवर बसले. पडदे ओढलेले. डबीवर पंचवीस. अर्ध्या तासानं बघितलं, पंचवीस. दाराकडे बघायचं काही कारण नव्हतं, तरी बघत होते.

तेवढ्यात दिवे गेले. फक्त हॉलचे. बाहेर चालू. इलेक्ट्रिशियनला हाक मारली तर तो दारातूनच म्हणाला, काही बिघडलं न्हाई मावशी, खोलीत कुणी हललं न्हाई की या इमारतीला वाटतं आत कुणी न्हाई, मग ती आपोआप दिवे बंद करती. हात हलवा, लागतील.

हात हलवला. लागले. दहा मिनिटांनी परत गेले. परत हलवला.

पाचव्या का सहाव्या वेळेला साहेब दारातून डोकावले. म्हणाले, आक्काताई, कुणाला बोलावताय. मी म्हटलं, कुणाला नाही.