लातूर ते नांदेड, हवाई मार्गे

१४ मे, लातूर
परीक्षा झाली तरी खोली सोडायची नाही, निकालापर्यंत थांबा, असा ह्यांचा नांदेडहून हुकूम. निकीला डॉक्टर करायला, तिच्या क्लासपायी, दोन वर्षं ह्या एका खोलीत पोळ्या लाटते आहे. नांदेडजवळच्या विष्णुपुरीची शाळा, माझा दुसरीचा वर्ग, सगळं सोडून. गल्लीभर अशाच आया. एक रेणापूरची, एक हदगावची. संध्याकाळी ओट्यावर भाजी निवडावी तसे एकमेकींच्या लेकरांचे मार्क निवडतो.

१९ मे
निकीला म्हटलं, एवढं फिजिक्स शिकलीस, इथून नांदेड विमानानं किती वेळ ते सांग. तिनं मोबाइलवर सरळ रेषेतलं अंतर काढलं, मनातच भागाकार केला.
"वीस मिनिटं धर. पण विमान कुठंय, आई?"
नाहीच. एसटी मात्र रोज सुटते, चार तासांत पोचवते, तरी दिवाळीपासून मी गेलेली नाही. दर रविवारी क्लासची टेस्ट. म्हणजे अडचण अंतराची नव्हतीच.

२७ मे
ह्यांचा फोन. कुकरची शिट्टी सापडत नाही. खिडकीतल्या बरणीमागं बघा म्हटलं. सापडली. घरातलं सगळं मला इथून दिसतं, त्यांना तिथून दिसत नाही.

निकाल
कमी पडले. निकी रडली नाही, घासलेली भांडी पुन्हा घासत बसली. घरमालकीण मावशी वर आल्या. आधीची भाडेकरू पोरगी मेडिकलला लागली म्हणून 'लाभाची खोली' सांगून त्यांनी ही आम्हाला दिली होती.
"ह्या खोलीतली लेकरं तिसऱ्या वर्षी लागत्यात बघा. लई घाबरू नका."
आधी पहिल्याच वर्षी म्हणाल्या होत्या. हसू आलं, रागही आला.
हे म्हणाले, "आणखी एक वर्ष काढा. शेवटचं." मागचंही शेवटचंच होतं. मला काय वाटतं ते कुणी विचारलं नाही. आणि मी हो म्हणाले.

१६ जून
शाळेतून मोठ्या बाईंचा फोन. दुसरीला शिक्षिका नाही, येता का, सोमवारपर्यंत सांगा. कळवते म्हणाले. घरात बोलले नाही. दिवसभर मीठ दोनदा पडत होतं.

१८ जून
गच्चीवर कपडे वाळत घालताना निकी म्हणाली, "मला बीएस्सी करायचीय. नांदेडला."
"मग बाबांना सांगितलं का नाहीस?"
"तू माझ्यासाठी शाळा सोडून बसलीस. कोणत्या तोंडानं सांगू?"
मी तिच्यासाठी अडकले होते आणि ती माझ्यासाठी. फार राग आला. स्वतःचा, ह्यांचा, त्या मेल्या लाभाचा. मग तिला मोठ्या बाईंच्या फोनचं सांगितलं. तिनं ओली ओढणी दोरीवर टाकली आणि म्हणाली, "मग चल, जाऊ."

२० जून, शनिवार
सकाळीच फोन लावला. "आम्ही आज निघून राहिलो."
"चार दिवस या की."
"सामान घेऊन."
मग हे म्हणाले, "मी मावशींना, खोली पुढच्या वर्षीही ठेवतो, हाव म्हणून बसलोय. मंगळवारी येतो, बोलू. तोवर थांबा."
मंगळवार. बाईंना सोमवारी सांगायचं आहे.
निकीनं गॅसची शेगडी चादरीत बांधून दाराशी ठेवली आहे. दुपार झाली. स्वयंपाक करायचा तर गाठ सोडावी लागेल. मावशी खालून विचारतात, आज फोडणीचा वास कसा नाही? आम्ही दोघी शेगडीकडं बघत बसलो आहोत.